वस्तूंच्या नोंदी आणि छायाचित्रे यांची वारंवार तुटणारी जोडणी: कारणांचा शोध आणि कायमची दुरुस्ती

संग्रहालयातील वस्तूंची डिजिटल सूची ठेवणाऱ्या प्रणालींबाबत एक तक्रार सतत कानावर येते. नोंदी भरून झालेल्या असतात, छायाचित्रे चढवून झालेली असतात आणि सर्व काही जागच्या जागी दिसत असते. मग सुधारित माहिती असलेली एखादी स्प्रेडशीट इम्पोर्ट केली, म्हणजे प्रणालीत भरून घेतली, जाते आणि काही वस्तूंची छायाचित्रे नाहीशी होतात, काही नोंदींत भलत्याच वस्तूचे छायाचित्र दिसू लागते, तर काही वस्तूंच्या दोन-दोन नोंदी तयार होतात. कोणीतरी बसून एकेक जोडणी हाताने दुरुस्त करते, काही काळ बरा जातो आणि पुढच्या इम्पोर्टनंतर तेच गाऱ्हाणे पुन्हा सुरू होते. दोष सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर, सर्व्हरवर किंवा छायाचित्रांच्या आकारावर टाकला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा वस्तूक्रमांकात असतो आणि माहिती प्रणालीपर्यंत पोहोचण्याआधी, वाटेतच कुठेतरी घुसलेला असतो. त्यामुळे प्रणालीच्या आत कितीही डागडुजी केली, तरी ती पुढच्या इम्पोर्टपर्यंतच टिकते.

पुढील विवेचन ओमेका एस, कलेक्टिव्हॲक्सेस, रिसोर्सस्पेस यांसारख्या मुक्त (ओपन सोर्स) प्रणालींना जसे लागू आहे, तसेच विकत घेतलेल्या प्रणालींनाही लागू आहे, कारण छायाचित्र आणि नोंद यांची गाठ क्रमांकाच्या आधारे बांधण्याची पद्धत सर्वत्र सारखीच आहे. वाचनाच्या सोयीसाठी येथे क्रमांक देवनागरी अंकांत छापले आहेत. प्रत्यक्ष फाइलींत ते बहुधा इंग्रजी अंकांत असतात आणि हा फरकही कधी कधी घात करतो, तो कसा ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट: पुन्हा इम्पोर्ट करू नये

बिघाड दिसताच तीच फाइल पुन्हा चालवून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा. पहिल्या इम्पोर्टने ज्या नोंदी एकमेकींवर चढवल्या असतील, त्यांच्यावर दुसरा इम्पोर्ट आणखी एक थर चढवतो आणि मूळ स्थितीपर्यंत जाणारा माग पुसट होत जातो. प्रथम डेटाबेस आणि छायाचित्रांचे फोल्डर यांचा एकाच वेळी, म्हणजे मध्ये कोणी काम करत नसताना, बॅकअप घ्यावा. निव्वळ डेटाबेसचा बॅकअप पुरत नाही, कारण अनेक प्रणाली मूळ फाइलींना आपले स्वतःचे सांकेतिक नाव देऊन साठवतात आणि कोणते सांकेतिक नाव कोणत्या वस्तूचे, हे फक्त डेटाबेसला ठाऊक असते. दोघांच्या वेळांत अंतर पडले, की बॅकअपमध्येसुद्धा तुटलेली जोडणीच जतन होते.

इम्पोर्टला वापरलेली नेमकी फाइलही बाजूला काढून ठेवावी आणि ती स्प्रेडशीटमध्ये उघडून पाहू नये. हा सल्ला विचित्र वाटेल, पण फाइल उघडून पाहणे आणि सवयीने सेव्ह करणे यातूनच निम्मे पुरावे नष्ट होतात. पाहायचीच असेल, तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पाहावी.

लक्षण नेमके कोणते आहे

सर्व बिघाड एका जातीचे नसतात, आणि दोन जाती येथेच वेगळ्या काढून टाकता येतात. नोंदीत मूळ छायाचित्र उतरवून घेता येते, मात्र त्याची लहान प्रतिमा दिसत नाही, असे असल्यास जोडणी शाबूत आहे. प्रतिमा लहान करणाऱ्या घटकाला ती फाइल पेलली नाही इतकेच. इमेजमॅजिक या प्रतिमा लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या धोरण-फाइलमध्ये स्मृती, रुंदी आणि क्षेत्रफळ यांवर मर्यादा घातलेल्या असतात आणि मोठ्या टिफ फाइली तेथे अडतात. फाइल चढतच नसेल, तर पीएचपी, म्हणजे अशा अनेक प्रणाली जिच्यात लिहिल्या आहेत त्या संगणकभाषेची, अपलोड-मर्यादा पाहावी. ती मुळात अवघी २ एमबी असते. दुसरी जात म्हणजे नोंद यादीतून सापडते, पण शोधातून सापडत नाही. तेथे शोध-अनुक्रमणिका नव्याने बांधली, की काम होते. या दोन्ही गोष्टींचा पुढील मजकुराशी संबंध नाही.

उरलेली तीन लक्षणे मात्र एकाच मुळाची आहेत: नोंद आहे पण छायाचित्राची जागा रिकामी, नोंद आहे पण छायाचित्र दुसऱ्याच वस्तूचे, आणि एकाच वस्तूच्या दोन नोंदी, एकीत जुनी माहिती व छायाचित्र, दुसरीत नवी माहिती आणि छायाचित्र नाही. बिघडलेल्या वीस-पंचवीस नोंदींचे क्रमांक एका कागदावर लिहून काढावेत आणि त्यांच्याकडे नुसते पाहावे. अनेकदा उत्तर तेथेच सापडते. सर्व क्रमांकांच्या शेवटी शून्य असेल, सर्वांच्या सुरुवातीला शून्य असेल, सर्वांत आडवी रेघ असेल किंवा सर्व नोंदी एकाच व्यक्तीने भरलेल्या असतील, तर शोधाची दिशा तेथून ठरते.

हरवणारा शून्य

सर्वाधिक नुकसान करणारे आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारे कारण हेच आहे, म्हणून ते सविस्तर पाहू.

अनेक संग्रहालयांत वस्तूक्रमांक हा संपादनाचे वर्ष, टिंब आणि त्या वर्षातील अनुक्रम असा लिहिला जातो. समजा, १९९८.१ हे एक तांब्याचे नाणे आहे आणि १९९८.१० ही एक कांस्यमूर्ती आहे. सूची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या, फाइलमध्ये आहे आणि ती दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. एक्सेलला तेथे क्रमांक दिसत नाही, दशांश अपूर्णांक दिसतो. आणि गणिताच्या दृष्टीने एकहजार नऊशे अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक दशांश हीच संख्या शेवटी शून्य दिले तरी बदलत नाही. शून्य गळून पडतो. पडद्यावर दोन्ही ओळींत १९९८.१ दिसते. फाइल सेव्ह केली, की सीएसव्हीमध्ये जे दिसते तेच लिहिले जाते आणि मूर्तीचा क्रमांक कायमचा नाण्याचा होऊन बसतो.

आता ही फाइल प्रणालीत गेली. प्रणालीला 'क्रमांक जुळल्यास माहिती अद्ययावत करावी' असे सांगितलेले असेल, तर ती १९९८.१ ची नोंद शोधते, नाण्याची माहिती भरते, मग पुढे गेल्यावर पुन्हा १९९८.१ भेटतो आणि त्याच नोंदीवर मूर्तीची माहिती चढवते. नोंद मूर्तीची झाली, छायाचित्र नाण्याचेच राहिले. इकडे १९९८.१० ची खरी नोंद जुन्या माहितीसह तशीच पडून राहते. 'भलत्याच वस्तूचे छायाचित्र दिसते' अशी जी तक्रार येते, तिच्यात छायाचित्र हललेलेच नसते. त्याच्या भोवतीची माहिती बदललेली असते. हे ध्यानात आले नाही, तर दुरुस्त करणारा माणूस नोंदीतून बरोबर असलेले छायाचित्र काढतो आणि बिघाडात स्वतःची भर घालतो.

ओळखण्याची एक सोपी खूण आहे. वर्षभरातील अनुक्रमांकांपैकी दर दहामागे एकाच्या शेवटी शून्य असते. एखाद्या वर्षी १२० वस्तू आल्या असतील, तर १०, २० पासून १२० पर्यंत बारा क्रमांक धोक्यात येतात: १० आणि १०० हे दोन्ही १ वर जाऊन बसतात, २० हा २ वर, ११० हा ११ वर. त्यामुळे साधारण दहा टक्के नोंदी नाहीशा झाल्यासारख्या वाटत असतील आणि तितक्याच दुसऱ्या नोंदींत चुकीचा मजकूर आला असेल, तर सर्व्हरकडे बोट दाखवण्याआधी शून्य मोजावेत.

यावर सहसा एक उपाय सुचवला जातो, तो म्हणजे रकाना निवडून त्याचे स्वरूप 'टेक्स्ट' करणे. फाइल उघडल्यानंतर हे केले, तर त्याचा उपयोग शून्य आहे. संख्येत रूपांतर झालेले असते. त्यानंतर स्वरूप बदलल्याने गेलेला अंक परत येत नाही. दोन दशांश स्थळे दाखवण्याचे स्वरूप देणे तर अधिकच फसवे, कारण पडद्यावर १९९८.१० दिसते, आत मात्र १९९८.१ असते, आणि एक्सेलची मूळ फाइल थेट वाचणारी प्रणाली आतले मूल्य उचलते. शिवाय त्या स्वरूपामुळे खरा १९९८.१ सुद्धा पडद्यावर १९९८.१० दिसू लागतो.

२०२३ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये आपोआप होणारी रूपांतरे बंद करण्याची सोय आली आहे आणि ती अवश्य वापरावी. पण ती सुरुवातीचे शून्य, १५ पेक्षा लांब अंकमालिका, मध्ये इंग्रजी 'ई' असलेले अंक आणि अक्षर-अंकांची तारीख होणे, एवढ्यांसाठी आहे. टिंबानंतरचा शेवटचा शून्य वाचवणे तिच्या कक्षेत येत नाही. म्हणून सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून न उघडता डेटा मेनूतील टेक्स्ट-सीएसव्ही आयातीच्या मार्गाने उघडावी आणि डेटाप्रकार ओळखू नये असा पर्याय निवडावा. लिबरऑफिस कॅल्क उघडतानाच एक चौकट दाखवते; तेथे क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' ठरवावा. गूगल शीट्समध्ये फाइल आणताना मजकुराचे संख्या, तारखा व सूत्रे यांत रूपांतर करण्याची खूण आधीच लावलेली असते, ती काढावी. सूचीच्या साफसफाईसाठी मला ओपनरिफाइन हे विस्कळीत माहिती नीट करणारे सॉफ्टवेअर सर्वांत निर्धोक वाटते. संख्या ओळखण्याची खूण आपण मुद्दाम लावली नाही, तर ते प्रत्येक मूल्य मजकूर म्हणूनच धरते.

तारीख झालेले आणि फुगलेले क्रमांक

टिंबाऐवजी आडवी किंवा तिरपी रेघ वापरणाऱ्या संग्रहांत शून्याऐवजी तारखेचा त्रास होतो. १२-५ हा क्रमांक चालू वर्षातील एखादी तारीख होतो आणि १९९८-१२-३ हा ३ डिसेंबर १९९८ होऊन संगणकाच्या प्रादेशिक मांडणीनुसार उलटा लिहिला जातो. मधला अंक १२ पेक्षा मोठा असेल, तर त्याची तारीख बनत नाही आणि क्रमांक वाचतो. म्हणजे एकाच रकान्यात काही क्रमांक तारखा झालेले आणि काही शाबूत, असे चित्र दिसते. त्या रकान्यात काही मूल्ये डावीकडे आणि काही उजवीकडे सरकलेली दिसली, की समजावे: डावीकडची मजकूर आहेत, उजवीकडची संख्या किंवा तारखा झाली आहेत. हा त्रास फक्त संग्रहालयांचा नाही. एक्सेल तारखा बनवते म्हणून मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीला २०२० मध्ये मार्च आणि सप्टेंबरची आठवण करून देणाऱ्या जनुकांची चिन्हे बदलावी लागल्याचे जाहीर करावे लागले. संग्रहालयाला मात्र हा मार्ग मोकळा नाही; वस्तूवर शाईने लिहिलेला आणि ॲक्सेशन रजिस्टरमध्ये, म्हणजे संग्रहात आलेल्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेला क्रमांक स्प्रेडशीटच्या सोयीसाठी बदलू नये.

सुरुवातीचे शून्य जाणे, म्हणजे ००४५ चे ४५ होणे, हे त्या मानाने सौम्य आहे, कारण पूर्वीची लांबी ठरलेली असेल तर शून्य परत भरता येतात. इंग्रजी 'ई' असलेला क्रमांक, उदाहरणार्थ संग्रहाच्या खुणेसाठी अंकांमध्ये 'ई' लिहिण्याची पद्धत असेल, तर तो घातांकातील प्रचंड संख्या बनतो आणि त्यातून मूळ क्रमांक ओळखणे अवघड होते.

जे डोळ्यांना दिसत नाही

क्रमांक अगदी सारखा दिसतो, तरीही जुळत नाही, अशी तक्रार आली, तर डोळ्यांवर विश्वास ठेवणे सोडून द्यावे आणि अक्षरे मोजावीत. स्प्रेडशीटमध्ये लांबी सांगणारे सूत्र प्रत्येक क्रमांकाला लावावे. सात अक्षरांच्या क्रमांकाची लांबी आठ भरली, तर शेवटी मोकळी जागा आहे. ती साफ करण्याच्या नेहमीच्या सूत्रानेही जात नसेल, तर ती वेब पानावरून नकलून आलेली अखंड जागा आहे, जिचा सांकेतांक वेगळा असतो. वर्डमधून आलेल्या मजकुरात साध्या आडव्या रेघेची जागा किंचित लांब रेघेने घेतलेली असते. आणि एखाद्या उत्साही मदतनिसाने क्रमांक मराठी कळफलकावर लिहिला, तर माणसाला तोच दिसणारा क्रमांक प्रणालीच्या लेखी पूर्णपणे निराळा ठरतो.

यातला एक प्रकार विशेष चकवा देतो. एक्सेलमधून 'सीएसव्ही युटीएफ-८' या स्वरूपात (युटीएफ-८ ही युनिकोड अक्षरे साठवण्याची पद्धत) फाइल सेव्ह केली, की तिच्या अगदी आरंभी तीन बाइटांची एक अदृश्य खूण लिहिली जाते. प्रणालीने ती खूण काढून टाकली नाही, तर ती पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला चिकटते. पहिला रकाना बहुधा वस्तूक्रमांकाचाच असतो. परिणाम असा, की बाकी सर्व रकाने ओळखले जातात, क्रमांकाचा तेवढा ओळखला जात नाही, प्रणालीला कोणतीही जुनी नोंद जुळत नाही आणि ती सगळ्या वस्तू नव्या समजून पुन्हा तयार करते. एका रात्रीत नोंदींची संख्या बरोबर दुप्पट झाली असेल, तर संशयित तोच. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून खुणेविना युटीएफ-८ म्हणून सेव्ह करावी. मात्र ही खूण काढलेली फाइल पुन्हा एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडल्यास देवनागरी मजकुराऐवजी उच्चारचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांच्या रांगा दिसू शकतात. तशा अवस्थेत ती सेव्ह करू नये. नुसती बंद केली तर काहीही बिघडत नाही.

देवनागरी मजकुराच्या आधारे जोडणी करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. 'पायऱ्या' या शब्दातील ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो: एकतर यू+०९३१ (युनिकोडमधील सांकेतांक असा लिहितात) हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, यू+२००डी हा न दिसणारा जोडक आणि य. पडद्यावर दोन्ही एकसारखे. कोणता प्रकार लिहिला जातो, हे कळफलकावर ठरते. युनिकोडच्या सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एका रूपात आणण्याच्या प्रक्रियेने, हे दोन प्रकार एक होत नाहीत, त्यामुळे 'सर्व मजकूर सामान्यीकृत केला आहे' या आश्वासनावर विसंबून चालत नाही. जोडकासह असलेला प्रकार शोधून स्वतंत्रपणे बदलावा लागतो. तीच गत 'ॲ'ची. हे अक्षर यू+०९७२ या स्वतंत्र सांकेतांकासह २००८ मध्ये युनिकोडमध्ये आले; त्याआधीच्या आणि अजूनही अनेक कळफलकांवरच्या पद्धतीत ते 'अ'ला चंद्र जोडून लिहितात. म्हणूनच पदार्थाच्या यादीत 'ॲल्युमिनियम' दोनदा दिसते आणि एकाखाली चार, दुसऱ्याखाली अकरा वस्तू निघतात. ओपनरिफाइनमध्ये मूल्यातील प्रत्येक अक्षराचा सांकेतांक दाखवणारे फंक्शन आहे. संशयास्पद दोन मूल्यांवर ते चालवले, की वाद मिटतो.

यावरून निघणारा माझा सरळ सल्ला असा, की वस्तूचे नाव, प्राप्तिस्थान किंवा शीर्षक यांपैकी कशावरही जोडणी आधारू नये. ती माहिती वाचण्यासाठी आहे.

छायाचित्राच्या फाइलचे नाव

नोंदीतील क्रमांक शुद्ध असूनही छायाचित्र जुळत नसेल, तर फाइलचे नाव तपासावे. तिरपी रेघ फाइलच्या नावात चालत नाही, म्हणून १९९८/१२/३ या क्रमांकाचे नाव कोणी आडव्या रेघेने लिहितो, कोणी तळरेघेने, कोणी काहीच न घालता सलग. सलग लिहिणे सर्वांत घातक, कारण १९९८/१/२३ आणि १९९८/१२/३ या दोन्हींचे नाव एकच होते. कोणतेही एक चिन्ह चालेल, पण तेच चिन्ह क्रमांकात इतरत्र वापरलेले नसावे, म्हणजे नावावरून क्रमांक आणि क्रमांकावरून नाव निःसंदिग्धपणे काढता येईल.

कॅमेऱ्यातून येणाऱ्या फाइलींचा विस्तार, म्हणजे नावातील टिंबानंतरचा शेवटचा भाग, बऱ्याचदा मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरांत असतो आणि सूचीत तो लहान लिपीत लिहिलेला असतो. विंडोजवर काम करताना हा फरक जाणवत नाही. सर्व्हर लिनक्सवर असल्यास तेथे ती दोन वेगळी नावे ठरतात. फाइलची नावे देवनागरीत ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की लिनक्सच्या नेहमीच्या फाइलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे मात्रा, हलन्त धरून अवघी ८५ चिन्हे मावतात. लांब वर्णनात्मक नावे तेथे नाकारली जातात.

मोठ्या संख्येने छायाचित्रे चढवताना जुळणीचा प्रकार विचारला जातो: नाव आणि क्रमांक तंतोतंत सारखे हवेत, की एकाची सुरुवात दुसऱ्याशी जुळली तरी चालेल. एका वस्तूची समोरची, मागची, तपशिलाची अशी अनेक छायाचित्रे असतात आणि त्यांच्या नावांना शेवटी काहीतरी जोडलेले असते, म्हणून सुरुवात जुळवण्याचा पर्याय सोयीचा वाटतो. पण १९९८.१ ही १९९८.१०, १९९८.१२ आणि १९९८.१०० या सर्वांची सुरुवात आहे. हा पर्याय वापरायचा असेल, तर क्रमांक आणि पुढची जोड यांच्यामध्ये ठरलेले चिन्ह असले पाहिजे आणि जुळणीत ते चिन्हही धरले गेले पाहिजे. प्रणालीत तशी सोय नसेल, तर तंतोतंत जुळणी निवडून कोणत्या फाइलची कोणती वस्तू, याची स्वतंत्र यादी द्यावी. त्यात वेळ जातो, पण तो एकदाच.

प्रणालीला आपण काय सांगितले आहे

क्रमांक आणि फाइली दोन्ही ठीक असूनही गडबड होत असेल, तर इम्पोर्टच्या धोरणाकडे वळावे. कलेक्टिव्हॲक्सेसच्या मॅपिंगमध्ये, म्हणजे कोणता रकाना कोठे जाईल हे सांगणाऱ्या मांडणीत, आधीच्या नोंदीचे काय करावे, ही एक स्वतंत्र सूचना असते. ती दिलीच नाही, तर प्रत्येक ओळीची नवी नोंद होते. क्रमांकावरून विलीन करणे, वगळणे किंवा पुसून नव्याने भरणे हे तीन निरनिराळे आदेश आहेत. ओमेका एसच्या सीएसव्ही इम्पोर्टमध्ये जोडणे, सुधारणे, अद्ययावत करणे आणि बदलणे असे पर्याय असून त्यांतील फरक रिकाम्या चौकटींच्या बाबतीत कळतो. सुधारणे हा पर्याय रिकामी चौकट सोडून देतो. अद्ययावत करणे हा पर्याय रिकामी चौकटही आदेश मानून जुने मूल्य पुसतो. बदलणे हा पर्याय तर नोंदीतील सर्व जुने गुणधर्म काढून फक्त फाइलमधले भरतो. ज्याला केवळ मापे दुरुस्त करायची होती, त्याने हा शेवटचा पर्याय निवडला, तर मापे तेवढी उरतात.

सर्व नोंदी पुसून 'स्वच्छ' सुरुवात करावी, असाही सल्ला दिला जातो. माझा त्याला विरोध आहे. नव्याने भरलेल्या नोंदींना प्रणाली नवे अंतर्गत क्रमांक देते, आणि जुन्या अंतर्गत क्रमांकावर आधारलेले वेब पत्ते, प्रदर्शनातील क्यूआर संकेत आणि इतरांनी दिलेले संदर्भ एकदम निकामी होतात.

बिघडलेले परत जुळवणे

आता झालेल्या नुकसानीकडे. बिघाडापूर्वीचा बॅकअप असेल, तर तो चालू प्रणालीवर न चढवता वेगळ्या संगणकावर उभा करावा, कारण मधल्या काळात झालेले चांगले कामही आहेच. दोन्ही ठिकाणच्या प्रत्येक मूळ छायाचित्राची तपासबेरीज, म्हणजे फाइलमधील बाइटांवरून निघणारी ओळखखूण (एसएचए-२५६ किंवा निदान एमडी५), काढावी आणि तपासबेरीज, वस्तूक्रमांक आणि वस्तूचे नाव अशा तीन रकान्यांच्या दोन याद्या तयार कराव्यात. फाइलचे नाव बदलले, फोल्डर बदलले, तरी आतील बाइट तेच असतील तर तपासबेरीज बदलत नाही, म्हणून छायाचित्र ओळखण्यासाठी तिच्याइतका भरवशाचा दुवा नाही. तपासबेरीज एक पण क्रमांक वेगळा, अशा ओळी म्हणजे सरकलेली छायाचित्रे. तपासबेरीज आणि क्रमांक दोन्ही सारखे, नाव मात्र वेगळे, अशा ओळी म्हणजे शून्य हरवून एकावर एक चढलेल्या नोंदी. तेथे छायाचित्राला हात न लावता माहिती जुन्या यादीतून परत आणावी. फक्त नव्या यादीत असलेली छायाचित्रे ही नंतरच्या कामाची असून ती हाताने तपासावी लागतात.

बॅकअप नसेल, तर काम अवघड होते, अशक्य नाही. छायाचित्रणाची शिस्त पाळलेली असेल, तर चौकटीत मोजपट्टीशेजारी वस्तूक्रमांकाची चिठ्ठी दिसते. काही छायाचित्रकार क्रमांक फाइलच्या आतील आयपीटीसी किंवा एक्सएमपी माहितीतही लिहितात. एक्झिफटूल हे अशी माहिती वाचणारे साधन वापरून तो सर्व फाइलींतून एकदम बाहेर काढता येतो. तेही नसेल, तर चित्रणाची वेळ उपयोगी पडते, कारण वस्तू सहसा कपाटातील क्रमाने काढल्या जातात आणि वेळेनुसार लावलेली छायाचित्रे तो क्रम पुन्हा दाखवतात. अंतिम निर्णय मात्र ॲक्सेशन रजिस्टर आणि प्रत्यक्ष वस्तूवरचा क्रमांक यांच्यावरच सोडावा. संगणकातील कोणत्याही यादीपेक्षा त्यांचा शब्द वरचढ आहे.

पुन्हा होऊ नये यासाठी

वस्तूक्रमांक जसाच्या तसा ठेवून प्रत्येक नोंदीला एक वेगळी इम्पोर्ट-किल्ली द्यावी. तिची सुरुवात अक्षराने व्हावी, पण ती महिन्याच्या इंग्रजी नावासारखी दिसू नये, अंकांची लांबी ठरलेली असावी, तिच्यात टिंब, रेघ किंवा इंग्रजी 'ई' नसावा. अशा किल्लीला स्प्रेडशीट संख्या किंवा तारीख समजत नाही. प्रणाली स्वतःचा अंतर्गत क्रमांक बाहेर देत असेल आणि इम्पोर्टमध्ये तो ओळख म्हणून स्वीकारत असेल, तर तोच वापरावा, वेगळी किल्ली लागत नाही. सुधारणेसाठी माहिती बाहेर काढताना ही किल्ली पहिल्या रकान्यात ठेवू नये, म्हणजे आरंभीची अदृश्य खूण तिला बाधत नाही. डेटाबेसमध्ये वस्तूक्रमांकाच्या रकान्याला एकमेव असण्याची अट घालता येत असेल, तर ती घालावी. दुसरी नोंद तयार होण्याऐवजी इम्पोर्ट अडेल, आणि अडलेला इम्पोर्ट बिघडलेल्या संग्रहापेक्षा परवडतो.

शेवटी एक चाचणी-फाइल तयार करून ठेवावी. तिच्यात खोट्या वस्तूंच्या मोजक्या ओळी असाव्यात: १९९८.१ आणि १९९८.१० ही जोडी, सुरुवातीला शून्ये असलेला एक क्रमांक, १२-५ सारखा एक, 'पायऱ्या' दोन्ही प्रकारांनी लिहिलेल्या दोन ओळी, 'ॲ' असलेला एक पदार्थ, आणि एक मुद्दाम रिकामी ठेवलेली चौकट. खऱ्या फाइलचा प्रवास ज्या वाटेने, ज्या संगणकावरून आणि ज्या माणसाच्या हातून होणार आहे, त्याच वाटेने ही फाइल प्रणालीच्या चाचणी-प्रतीत आधी पाठवावी आणि बाहेर काढलेली माहिती मूळ फाइलशी ओळीने ओळ ताडून पाहावी. संगणक बदलला, एक्सेलची आवृत्ती बदलली किंवा काम नव्या व्यक्तीकडे गेले, की ही चाचणी पुन्हा करावी. तिच्यातील एकही ओळ बदलून परत आली, तर त्या दिवशी खरी फाइल चालवू नये.